रेझिनचं काम झालं की दोन दिवसांनी पुन्हा तीच खाज: घरी होडी बांधताना नेमकं कुठे शोधायचं

शनिवार-रविवारी होडीच्या सांध्यांना इपॉक्सी रेझिन, म्हणजे लाकूड जोडणारा आणि नंतर कडक होणारा चिकट द्रव, लावलं. सोमवारी सगळं ठीक. मंगळवारी बोटांच्या बेचक्यांत चुरचुर, मनगटावर लालसर पट्टा. बुधवारी बारीक पाणीदार फोड आणि झोप उडवणारी खाज. आठ-दहा दिवसांत मलम लावून ते बसतं. पुढच्या सुट्टीला पुन्हा रेझिन, पुन्हा दोन दिवसांनी तेच, आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडं जास्त.

नाशिकमध्ये पार्किंगमध्ये, बंगल्याच्या पडवीत किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लायची होडी बांधणारे मोजकेच लोक आहेत. पण त्यांच्याकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. तिच्या मागोमाग ठरलेलं वाक्य येतं: ‘पण मी तर हातमोजे घालतो.’ ते खरंही असतं. ब्रश हातात असताना माणूस काळजी घेतोच. रेझिन अंगाला लागतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींत: बाटलीचं झाकण उघडताना, फोन घेताना, मोजे काढताना, दुसऱ्या दिवशी घासकाम करताना. पुरळ अंगावर नेमकं कुठे उठलंय ते नीट पाहिलं, तर रेझिन कुठल्या वाटेनं आलं हे बहुतेक वेळा सापडतं. ती वाट बंद केल्याशिवाय महागातले मोजे घेऊनही काही फरक पडत नाही.

आधी खाज कोणती ते ठरवा

होडीच्या कामात तीन वेगवेगळ्या गोष्टी खाज आणतात आणि तिघींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली काचेची. ग्लास क्लॉथ, म्हणजे रेझिनखाली अंथरायचं काचेच्या धाग्यांचं कापड, कापताना किंवा त्यावर पॉलिश पेपर मारताना काचेचे सूक्ष्म तंतू कातडीत टोचतात. ही खाज त्याच दिवशी, बऱ्याचदा कामावर असतानाच सुरू होते, टोचल्यासारखी असते आणि एक-दोन दिवसांत जाते. पाणीदार फोड येत नाहीत. न चोळता भरपूर थंड पाण्यानं धुवा, उरलेले तंतू चिकटपट्टीनं उचला. त्रासदायक आहे, पण तेवढ्यावरच थांबते.

दुसरी हार्डनरची, म्हणजे रेझिन कडक व्हावं म्हणून त्यात मिसळायच्या द्रवाची. घरगुती कामासाठी मिळणारे बहुतेक हार्डनर अमाइन जातीचे असतात आणि अमाइन अल्कलीधर्मी असतं. थेंब कातडीवर राहिला तर काही मिनिटांत ते काही तासांत आग होते, कातडी कोरडी पडून तडकते. जिथे थेंब पडला तिथेच हे होतं, बाजूला पसरत नाही. काही हार्डनर इतके दाहक असतात की त्यांच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे पदार्थाचे धोके सांगणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकावर, एच ३१४ हा संकेत असतो. त्याचा अर्थ कातडी आणि डोळे गंभीरपणे भाजू शकतात.

तिसरी खाज ॲलर्जीची. वर वर्णन केलेली मंगळवारची खाज ती हीच. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा रेझिनचा किंवा हार्डनरचा रेणू ‘शत्रू’ म्हणून ओळखायला शिकलेली असते, आणि तिची प्रतिक्रिया साधारण एक ते तीन दिवस उशिरा दिसते. या उशिरामुळेच कारण हाती लागत नाही. माणूस मंगळवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला दोष देतो. डेटा शीटवर एच ३१७ हा संकेत असेल तर तो पदार्थ ही ॲलर्जी घडवू शकतो. बिस्फेनॉल-एवर आधारित द्रव रेझिनवर तो असतोच, बऱ्याच हार्डनरवर असतो, आणि रेझिन पातळ करण्यासाठी मिसळलेल्या ग्लायसिडिल इथर जातीच्या द्रवांवरही असतो.

यात एक गैरसमज फार नुकसान करतो. ‘थोडे दिवस त्रास होईल, मग हाताला सवय होईल’ असं अनुभवी कारागीरसुद्धा सांगतात. इपॉक्सीच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. प्रत्येक संपर्कानं शरीर जास्त तरबेज होतं. आज हातावर थेंब पडल्यावर जे होतं, ते काही महिन्यांनी शेडमध्ये नुसतं उभं राहून होऊ शकतं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. म्हणून पहिल्या पुरळालाच काम थांबवून शोध घ्यायचा.

वास नाही म्हणून धोका नाही, हाही समज इथलाच. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, पत्रे, दरवाजे बनवणाऱ्या शेडसमोरून गेलात तर जो उग्र वास नाकात बसतो, तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनचा. तिथे नाकच तुम्हाला बाहेर काढतं. इपॉक्सीला वास जवळजवळ नसतो, हार्डनरला थोडा अमोनियासारखा असतो. त्यामुळे लोक ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिसळतात, बंद खोलीत लावतात आणि घरात लहान मूल वावरत असताना घासतात.

पुरळ कुठे आहे?

आरशासमोर उभं राहा आणि कागदावर लिहून काढा. घरातल्या कुणाला मान आणि पाठीचा वरचा भाग पाहायला सांगा.

फक्त बोटांच्या टोकांवर आणि बेचक्यांत असेल, तर मोजा फाटलेला किंवा चुकीचा आहे. तारेनं शिवून बांधायच्या होडीत तांब्याच्या तारेची कापलेली टोकं सांध्यातून बाहेर आलेली असतात. कोपऱ्यात दाट रेझिनची गोलाई भरताना लोक मोज्यातलं बोट त्या टोकांवरून फिरवतात. छिद्र डोळ्यांना दिसत नाही, पण आतला घाम आणि बाहेरचं रेझिन एकमेकांना भेटतात. तारेची टोकं आधी आत वळवून दाबा आणि गोलाई बोटानं न देता आइस्क्रीमच्या काडीनं किंवा कडा गोल केलेल्या प्लास्टिकच्या पट्टीनं द्या. फिनिशिंगही चांगलं येतं.

मनगटाभोवती पट्टा असेल, तर मोजा जिथे संपतो आणि बाही जिथे सुरू होते त्या दोन-तीन बोटांच्या फटीतून रेझिन येतंय. होडी उलटी ठेवून बाजूंना लावताना हात वर जातो, थेंब मोज्यावरून ओघळतो आणि कोपराकडे निघतो. मोज्याची कड बाहेर दुमडून ठेवली की थेंब त्या घडीत अडकतो. बाही मोज्याच्या आत घालून वर कागदी टेप फिरवा. घड्याळ आणि मनगटावरचा लाल दोरा काढून ठेवा. दोऱ्यात मुरलेलं रेझिन आठवडाभर कातडीला घासत राहतं.

एकाच कानाजवळ, एका गालावर आणि जबड्यावर असेल तर तो मोबाइल. इंदिरानगरमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांचं असंच होतं. हात स्वच्छ, उजवा कान मात्र सुजलेला, आणि दोन महिने ते कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारत होते. शेवटी फोनच्या कव्हरच्या कडेला बोटाच्या ठशाच्या आकाराचा, वाळून पिवळट झालेला थर दिसला. काम चालू असताना फोन वाजला की ते मोजा न काढता उचलत होते. कव्हर टाकून दिलं, फोन कामाच्या वेळी घरात ठेवायला लागले आणि कान बरा झाला.

पापण्या हा सगळ्यात फसवा भाग. तिथली कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, त्यामुळे हातावर काही दिसण्याइतकंही रेझिन नसताना पापण्या सुजतात. दोन कारणं असतात: घाम पुसायला उचललेला हात, किंवा हवेत उडालेली धूळ. पापण्यांसोबत मान आणि कॉलरच्या वरचा भागही लाल असेल तर ती धूळ समजा आणि खालचा घासकामाचा भाग नीट वाचा.

मांडीवर असेल तर तुम्ही मोज्याचा हात पँटला पुसता. सगळेच पुसतात. जाड सुती ॲप्रन घाला आणि त्याला एक कोरडी चिंधी बांधा, म्हणजे हाताला पुसायला दुसरी जागा मिळते.

आणि पुरळ तुम्हाला नसून कपडे धुणाऱ्या घरच्या माणसाला असेल, तर ओलं रेझिन लागलेले कपडे घरच्या धुण्यात जातायत. कामाचे कपडे शेडमध्येच काढून ठेवायचे, डाग पूर्ण कडक झाल्यावर वेगळे धुवायचे. घरच्या माणसांनी ही जोखीम पत्करलेली नसते, त्यामुळे ही खबरदारी मला स्वतःच्या मोज्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

गुलालाची रंगीत तालीम

एवढं वाचूनही वाट सापडली नाही, तर हा प्रयोग करा. वाटीभर गोडेतेलात गुलाल कालवा. रेझिनच्या कामाची सगळी तयारी करा: मोजे, ॲप्रन, ब्रश, रिकामे मग, वजनकाटा. मग रेझिनऐवजी ते तेल घेऊन जुन्या प्लायच्या तुकड्यावर पंधरा-वीस मिनिटं खरोखरच काम करा. हातातला मग बदला, कापड कापा, बाटली उघडा-बंद करा, घाम पुसा, शेवटी मोजे काढा आणि हात धुवायला जा. मग दिव्याच्या उजेडात सगळं पाहा.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उडी मारून आलेल्या माणसाच्या घरात संध्याकाळपर्यंत दाराच्या कडीवर, नळाच्या तोटीवर, टॉवेलवर रंग सापडत राहतो, तसाच तो इथेही सापडेल. बहुतेकांना तीन ठिकाणी हमखास मिळतो: हार्डनरच्या बाटलीची बाहेरची बाजू, नळाची तोटी आणि मोजा काढताना आत गेलेला अंगठा. बाटलीची बाजू फार महत्त्वाची. पुढच्या खेपेला तीच बाटली तुम्ही मोजे घालण्याआधी उघड्या हातानं कपाटातून काढता. उपाय सोपा आहे: बाटल्या एका ट्रेमध्ये ठेवा, प्रत्येक वापरानंतर बाहेरून कोरड्या कागदानं पुसा आणि त्या ट्रेला मोज्याशिवाय हात लावायचा नाही असा नियम करा.

मोजा काढताना मनगटाजवळ बाहेरून धरून उलटा करत ओढायचा, तो दुसऱ्या हाताच्या मुठीत घ्यायचा, आणि दुसरा मोजा उघड्या बोटानं आतल्या बाजूनं सरकवून त्याच्यावर उलटा करायचा. तालमीत दोन-तीनदा केलं की हाताला बसतं.

मोजे नायट्रिलचे घ्या. लॅटेक्सचे पांढरे मोजे या कामाचे नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारे पातळ निळे नायट्रिल चालतात, पण ते शिंतोड्यांपुरते. रेझिन लागलं की लगेच बदलायचे, दिवसभर तेच वागवायचे नाहीत. आत सुती मोजे घातले तर घाम शोषला जातो आणि एप्रिलमध्येही हात भिजत नाहीत. त्यातून रेझिन आत आलं तर मात्र सुती मोजाही टाकून द्यायचा. कातडीवर आधी क्रीम लावून मोजे टाळण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका.

ॲसिटोननं हात धुणं बंद

एवढं एकच करायचं ठरवलंत तर हे करा. रेझिन लागलेला हात ॲसिटोन किंवा थिनरनं पुसला की लगेच स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात ॲसिटोन कातडीवरचं तेलाचं संरक्षण काढून टाकतं आणि पातळ केलेलं रेझिन आत मुरायला मदत करतं. नायट्रिलच्या पातळ मोज्यातूनही ॲसिटोन पाहता पाहता आरपार जातं, म्हणजे मोजा घालून ॲसिटोनच्या चिंधीनं हत्यारं पुसणं हाही तोच प्रकार.

हाताला लागलं तर आधी कोरड्या कागदानं टिपून घ्या, चोळू नका. मग गॅरेजवाले वापरतात ती हात साफ करायची पेस्ट, त्यातही खरखरीत कण नसलेली, आणि नंतर साबण-पाणी. लाकडाचा भुसा, वाळू, घासणी यांनी कातडी खरवडायची नाही, कारण खरवडलेल्या कातडीतून पुढचा थेंब आणखी सहज आत जातो. स्वयंपाकातलं व्हिनेगर हत्यारांवरचं ओलं रेझिन छान काढतं, ते हत्यारांसाठीच ठेवा.

डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या पाण्याखाली पापणी उघडी धरून निदान १५ मिनिटं धुवा आणि बाटलीचं लेबल सोबत घेऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. हार्डनर डोळ्याला फार वाईट असतो. चष्मा असला तरी त्यावरून बाजूंनी बंद असा गॉगल हवाच.

घासकाम: खरा गुन्हेगार बहुतेक वेळा इथे

रविवारी लावलेलं रेझिन सोमवारी हाताला कडक लागतं, म्हणून सोमवारी संध्याकाळी सँडर, म्हणजे घासायचं विजेचं यंत्र, चालू होतो. ते कडक असलं तरी पूर्ण पिकलेलं नसतं. आत अजून न जोडले गेलेले रेणू असतात आणि सँडर त्यांची बारीक पूड करून पापण्या, मान, नाक सगळीकडे पोहोचवतो. साधारण खोलीच्या तापमानाला पूर्ण पक्व व्हायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, डिसेंबरच्या थंडीत आणखी. शक्य तितकी वाट पाहा. पॉलिश पेपर चिकट गोळे धरत असेल, पांढरी सुकी पूड पडत नसेल, तर ते अजून कच्चं आहे. तिथेच थांबा.

पृष्ठभागावर तेलकट, मेणचट थर जाणवतो का तेही पाहा. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून तो थर तयार होतो. जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत आणि हिवाळ्यातल्या दवाच्या पहाटे तो हमखास येतो. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला तर तो निघत नाही, उलट सगळीकडे पसरतो, पेपर भरतो आणि पुढचा थर सुटतो. तो पाण्यात विरघळतो. मोजे घालून साध्या पाण्यानं आणि हिरव्या घासणीनं धुवायचा, स्वच्छ फडक्यानं पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग घासायचं.

घासायचं कामच कमी करणं हा यातला सगळ्यात चांगला मार्ग, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ओल्या थरावर पील प्लाय नावाचं नायलॉनचं कापड अंथरून ठेवलं आणि रेझिन कडक झाल्यावर ओढून काढलं की खाली खडबडीत, पुढच्या थराला तयार पृष्ठभाग मिळतो आणि तो मेणचट थरही कापडाबरोबर जातो. दुसरं म्हणजे पुढचा थर उत्पादकानं दिलेल्या मुदतीत, आधीचा थर अजून थोडा चिकट असतानाच द्या, म्हणजे मध्ये घासावं लागत नाही. ओघळ आलेच तर ते धारदार तासणीनं तासून काढा. तासलेली साल जमिनीवर पडते, पूड हवेत उडते. जिथे घासावंच लागेल तिथे पाणी मारून हातानं ओला पेपर वापरा, विजेचा सँडर पाण्याजवळ आणायचा नाही.

मास्कबद्दल नाशिककरांना एक खास सूचना. द्राक्षबागेत फवारणीला वापरलेला मास्क घरात असतोच, आणि तोच होडीच्या कामाला काढला जातो. त्याचं कार्ट्रिज, म्हणजे हवा गाळणारी डबी, कधी उघडलं हे कुणाला आठवत नाही, उघड्यावर टांगून ठेवलं की ते हळूहळू निकामी होतं, शिवाय त्यावर औषधाचा अंश असतो. नवीन कार्ट्रिज घ्या. घासकामाला कण अडवणारा फिल्टर हवा, तिथे नीट बसणारा एन-९५ चालतो. बंदिस्त जागी रेझिन लावताना सेंद्रिय बाष्पांसाठीचं कार्ट्रिज लागतं, आणि एन-९५ त्या बाष्पांना अजिबात अडवत नाही. दाढीवर अर्धा मास्क घट्ट बसत नाही. रेझिन दाट करायला घालतात ती सिलिकाची भुकटी आणि पोकळ काचमणी इतके हलके असतात की पिशवी उघडताच तरंगतात, म्हणून ते मिसळतानाही मास्क घाला आणि छताचा पंखा बंद ठेवा. पंखा पाठीशी ठेवून हवा दाराबाहेर जाईल अशी सोय करा.

प्रमाण, थंडी आणि एप्रिल

पुरळाचा आणि प्रमाणाचा काय संबंध, असं वाटेल. प्रमाण चुकलं तर रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही, आणि न पिकलेली होडी म्हणजे हात लावाल तेव्हा ॲलर्जीला निमंत्रण.

इथे फायबरच्या कामाची सवय आड येते. पॉलिएस्टरमध्ये कॅटलिस्ट, म्हणजे कडक होण्याची क्रिया नुसती सुरू करून देणारा द्रव, एक-दोन टक्के घालतात, आणि थंडी असली की थोडा वाढवतात. इपॉक्सीचा हार्डनर कॅटलिस्ट नाही. तो रेझिनशी रेणूला रेणू जोडून त्याचा भाग होतो. जास्त घातला तर काम लवकर होत नाही, जास्तीचं अमाइन आत मोकळं राहतं. प्रमाण वजनानं दिलंय की मापानं, हेही नीट वाचा. समजा वजनानं १०:१ दिलंय. रेझिनची घनता साधारण १.१५ आणि हार्डनरची ०.९८ धरली, तर १०० ग्रॅम रेझिन म्हणजे ८७ मिली आणि १० ग्रॅम हार्डनर म्हणजे १० मिलीपेक्षा किंचित जास्त. हेच कुणी मापाच्या पेल्यानं १०:१ घेतलं तर हार्डनर जवळपास १५ टक्के कमी पडतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वेगळा काटा कामासाठी ठेवा, स्वयंपाकघरातला नको. मिसळताना मगाच्या कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळा.

जानेवारीत रेझिन घट्ट होतं, कधी त्यात पांढरे रवाळ कण धरतात. डबा झाकण सैल करून ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवा, कण विरघळतात. गॅसवर ठेवू नका. पातळ करायला थिनर घालू नका, ते कातडीतून आत जाणं सोपं करतं आणि सांधाही कमजोर होतो. शेडमध्ये ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी पेटवू नका: बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो, आणि शेगडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तो मेणचट थरही वाढवतो. होडीभोवती प्लास्टिकचा तंबू करून, कापड-प्लास्टिकपासून लांब, हॅलोजनचा दिवा ठेवला की पुरतं.

एप्रिल-मेमध्ये, पारा ४० कडे गेला की उलटी अडचण. तापमान १० अंशांनी वाढलं की मिश्रण हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मगात ढीग करून ठेवलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेनं तापत जातं, फेसाळतं, धूर सोडतं, प्लास्टिकचा मग वितळवतं. एका वेळी १०० ग्रॅमच्या आसपासच मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, उथळ थरातून उष्णता निघून जाते. हातातला मग गरम लागला की ब्रश सोडा, जुन्या पकडीनं उचलून उघड्यावर सिमेंटच्या जमिनीवर ठेवा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. तो धूर छातीला वाईट. गडबडीत मग सांडणं, उघड्या हातानं उचलणं, हे अपघात याच वेळी होतात. उन्हाळ्यात काम पहाटे पाच ते आठ उरकणं बरं.

उरलेलं मिश्रण पातळ थरात पूर्ण कडक होऊ द्या आणि मगच घंटागाडीत टाका. तापलेला मग भुशाच्या किंवा चिंध्यांच्या डब्यात गेला तर आग लागू शकते. ओलं रेझिन किंवा हार्डनर मोरीत ओतायचं नाही. आणि हार्डनर कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. तो फिकट पिवळा, पाण्यासारखा दिसतो, आणि शेडमध्ये तहानलेला माणूस कुणीही असू शकतो.

एकदा ॲलर्जी ठरली की

त्वचारोगतज्ज्ञांना ‘होडीचं काम करतो, इपॉक्सी वापरतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि रेझिन-हार्डनर दोन्हींच्या डेटा शीट सोबत न्या. नुसतं ‘खाज येते’ म्हटलं तर मलम मिळेल, पुरळ बसेल आणि कारण तसंच राहील. पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि पुढे पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. चाचणीच्या नेहमीच्या संचात इपॉक्सी रेझिन असतं, पण तुमच्या बाटलीतला हार्डनर त्यात असेलच असं नाही, म्हणून त्याचं रासायनिक नाव डॉक्टरांना लागतं. घरी हातावर थेंब लावून ‘बघू काय होतं’ हा प्रयोग करू नका, त्यानंच ॲलर्जी जडू शकते.

छातीत घरघर, धाप, कामाच्या रात्री खोकला असं काही झालं तर तो विषय मोज्यांचा राहिलेला नाही. ओल्या रेझिनच्या आसपास थांबू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

चाचणीत ॲलर्जी निघाली तर ओलं रेझिन तुमच्यासाठी संपलं. कंपनी बदलून उपयोग होत नाही, बहुतेक द्रव रेझिनमध्ये मूळ घटक तोच असतो. फक्त हार्डनरचीच ॲलर्जी असेल तर दुसऱ्या जातीच्या हार्डनरबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. पॉलिएस्टरवर उडी मारू नका, ते लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही आणि काही काळानं प्लायपासून सुटतं. अर्धी होडी उभी असेल तर प्लाय कापणं, तारेनं शिवणं, वल्ही घडवणं, रंग देणं हे तुम्ही करा आणि रेझिनचं व घासकामाचं काम सगळी काळजी घेणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे सोपवा. त्या दिवसांत शेडपासून लांब राहा. पूर्ण पिकलेल्या आणि धुतलेल्या होडीत बसायला बहुतेकांना काही होत नाही. नवी होडी बांधायची असेल तर लाकडी सांगाडा दोरीनं बांधून त्यावर ताणलेलं कापड रंगवण्याची पद्धत आहे. तिला रेझिन लागत नाही, आणि धरणाच्या शांत पाण्याला तशी हलकी होडी छान चालते.